भिंती जपल्या, भट्टी विझली

इंग्लंडच्या खेड्यांत घरांच्या फाटकांवर ‘द ओल्ड फोर्ज’, म्हणजे ‘जुनी लोहारशाळा’, ही पाटी ठिकठिकाणी आढळते. कुठे तिचे ‘स्मिथी कॉटेज’ होते, कुठे ‘फोर्ज हाउस’. पाटीमागच्या घरात बहुधा लोहार नसतो. घोडा सहज आत यावा म्हणून ठेवलेल्या रुंद दाराच्या जागी काच आलेली असते. भट्टीच्या कोनाड्यात दिवाणखान्याची शेगडी बसवलेली असते. ऐरण उरली असलीच, तर ती अंगणात फुलझाडांच्या सोबतीला. घर सुबक असते, छप्पर धड असते, भिंती मायेने राखलेल्या असतात. जुन्या वास्तू राखण्यासाठी ब्रिटनमध्ये कडक कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. तरीही त्या गावाने आपल्या लोहारशाळेचा इतिहास जपला, असे मला म्हणवत नाही.

लोहारशाळेच्या इतिहासातला सर्वांत लहान वाटा तिच्या भिंतींचा असतो. बाकी सगळा पायाखालच्या जमिनीत असतो, खोलीतल्या अंधारात, अवजारांत, उधारीच्या वहीत, भिंतीपलीकडच्या घरात नांदलेल्या कुटुंबात आणि सर्वांत जास्त पेटत्या भट्टीत. आजचे संरक्षण नेमक्या याच गोष्टी वाऱ्यावर सोडते. ही रीत बदलायला हवी, आणि ती बदलण्यासाठी नवा मोठा कायदाही लागत नाही, असे माझे मत आहे.

आधी या जागेत चालायचे काय, ते पाहू. १८५१च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक लोहार नोंदले गेले. प्रत्येक मोठ्या खेड्यात एक तरी भट्टी होती, कारण तिच्यावाचून शेती दोन महिनेही चालली नसती. घोड्याचे खूर वाढतात, म्हणून नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर तासावे लागतात आणि नाल पुन्हा ठोकावे लागतात. नांगराचा फाळ झिजला की लोहार त्याच्या टोकाला नवे लोखंड जोडून देई. फाटकाच्या बिजागऱ्या, विहिरीच्या साखळ्या, चर्चच्या दाराचे कोयंडे, कुऱ्हाडी, खुरपी, चुलीवरचे आकडे, सगळे त्याच्याच हातचे. गाडीच्या चाकाला धाव चढवण्याचे काम तर पाहण्यासारखे असे. चाक बनवणारा सुतार आणि लोहार मिळून ते करत. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी तोकडी ठेवायची, गोलाकार जाळात ती लाल करायची, तापून फुगली की सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. धाव आकसते आणि आऱ्यांचे सगळे सांधे आवळून टाकते. या कामासाठी अंगणात जमिनीत बसवलेली गोल लोखंडी तबकडी काही जुन्या लोहारशाळांसमोर अजून दिसते. ती कशासाठी, हे घरमालकाला ठाऊक नसले तर एखाद्या दिवशी अंगणात फरशी बसवताना ती उखडून निघते.

या कारागिरीचा पल्ला कमी नव्हता. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राणी एलेनॉरच्या समाधीवर जी घडीव लोखंडाची जाळी आहे, ती १२९४ साली लेटन बझर्डच्या टॉमस नावाच्या लोहाराने केली आणि त्याला तेरा पौंड मिळाले. लोहाराची पतही गावात मोठी असे. १४९७मध्ये कॉर्नवॉलच्या लोकांनी जाचक कराविरुद्ध लंडनपर्यंत कूच केले, तेव्हा टॉमस फ्लॅमँक या वकिलाबरोबर त्यांचे पुढारपण सेंट केव्हर्न गावच्या मायकेल जोसेफ या लोहाराने केले आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली. यात मला नवल वाटत नाही. ज्या जागी जमीनदाराचा घोडा आणि मजुराची कुदळ एकाच दिवशी येते, तिथे गावातले सगळे बोलणे येऊन पोचते.

आणि ही जागा घराला चिकटलेली होती. भट्टी आणि राहते घर यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असे; काही ठिकाणी त्या भिंतीतून ये-जा करायला दार असे. सकाळी लवकर जाळ करायचा, रात्री निखारे झाकायचे, नांगरणीच्या दिवसांत उजाडायच्या आत घोडी दाराशी उभी, अशा धंद्याला दूरचे घर परवडत नाही. म्हणून लोहारशाळा आणि कॉटेज ही दोन वास्तू नव्हेत, एकाच संसाराच्या दोन खोल्या आहेत. इतिहास सांगताना मात्र आपण एका खोलीपाशीच थांबतो. दंडाचे स्नायू फुगवून घण उचलणारा पुरुष चित्रांत उतरला. भाता ओढणारा पोरगा, हिशेब ठेवणारी बायको, नवरा गेल्यावर हाताखालच्या कारागिराला धरून भट्टी चालू ठेवणारी विधवा यांची चित्रे कोणी काढली नाहीत. जनगणनेच्या तक्त्यांत मात्र लोहार म्हणून थोड्या स्त्रियाही नोंदलेल्या आहेत.

जिथे घराच्या मागच्या अंगणातच भट्ट्या होत्या, तिथे तर स्त्रियांचे काम लपवताही येत नाही. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला क्रॅडली हीथ या गावी बायका परसातल्या छपरीत साखळ्या घडवत. तापलेली सळई वाकवायची, टोके जुळवायची, घाव घालून कडी बंद करायची, आणि पायाशी मुले. १९०९च्या ट्रेड बोर्ड्स कायद्याने या धंद्यासाठी किमान मजुरी ठरवायची सोय केली. १९१०मध्ये ताशी अडीच पेन्स असा दर ठरला. अनेकींसाठी ती जवळजवळ दुप्पट मजुरी होती. मालकांनी टाळाटाळ केली, तेव्हा कामगार पुढारी मेरी मॅकार्थर हिच्या पुढाकाराने या बायकांनी दहा आठवडे संप केला आणि जिंकला. संपासाठी देशभरातून इतका पैसा आला होता की उरलेल्या रकमेतून १९१२मध्ये कामगारांसाठी एक सभागृह बांधता आले. ती इमारत पुढे विटेविटेने उतरवून डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्यूझियममध्ये पुन्हा उभी केली आहे. खेड्यातला नालबंद लोहार आणि साखळी घडवणारी बाई यांचे धंदे वेगळे, हे खरे. पण भट्टी घराला जोडलेली असली की तिचा इतिहास घरातल्या सगळ्यांचा असतो, हे क्रॅडली हीथइतके स्पष्ट दुसऱ्या कुठल्या जागेने सांगितलेले नाही.

मग भट्ट्या विझल्या कशा? मोटार आली, घोडा गेला, भट्टी गेली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धे खरे. लोहाराच्या हातातले काम त्याच्या कितीतरी आधी निसटू लागले होते. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३मध्ये बिडाच्या अशा फाळाचे पेटंट घेतले की जो वापरताना आपोआप धारदार राहतो. काही वर्षांतच नांगराचे भाग सुटे, बदलता येतील असे मिळू लागले. भाग मोडला तर नवा विकत घ्यायचा, लोहाराकडे जायचे नाही. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या कारखान्यातून येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला सैन्याने काही आठवड्यांत लाखाहून अधिक घोडे गावागावांतून उचलले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉव्हेंट्रीत निघालेला फर्ग्युसन टीई२० हा छोटा ट्रॅक्टर दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला, आणि लहान शेतकऱ्याचाही घोडा सुटला. नालबंदीचा धंदा टिकला, पण तोही जागेवरून हलला. १९७५च्या कायद्याने नोंदणीकृत नालबंदालाच घोड्याला नाल ठोकता येतो. हा नालबंद आज व्हॅनमध्ये गॅसची भट्टी घेऊन घोड्याकडे जातो. घोड्याने लोहाराकडे जायची रीत संपली.

यात एक दुवा नेहमी गाळला जातो. पुष्कळ लोहारांनी काम सोडले नाही, काम बदलले. शेतीची यंत्रे दुरुस्त केली, वेल्डिंग शिकले, दाराशी पेट्रोलचा पंप बसवला. १९२१पासून रुरल इंडस्ट्रीज ब्यूरो नावाची संस्था खेड्यातल्या कारागिरांना नवे तंत्र शिकवत होती. लोहारांना वेल्डिंग आणि शोभेचे लोखंडी काम यांचे धडे तिनेच दिले. म्हणजे विसाव्या शतकातली पत्र्याची शेड, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी करपलेली भिंत, पंपाचा चौथरा हाही लोहारशाळेचाच इतिहास आहे. पण जुने रूप परत आणण्याच्या उत्साहात हा थर सर्वांत आधी पाडला जातो. ‘मूळ’ रूप म्हणून जे उभे राहते, ते त्या जागेने कोणत्याच काळी पाहिलेले नसते.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची राष्ट्रीय यादी आहे. तिच्यात सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रेड टू या सर्वांत खालच्या पायरीवर आहेत. १७००च्या आधीची, बऱ्यापैकी मूळ रूपात असलेली इमारत यादीत येतेच म्हणायला हरकत नाही. १७०० ते १८५० दरम्यानच्याही बहुतेक येतात. त्यानंतरच्या इमारती निवडून घेतल्या जातात. इथेच पहिली गळती होते. खेड्यातल्या कितीतरी लोहारशाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, साध्या विटांच्या, वेळोवेळी ठिगळे लावलेल्या. वास्तुकलेच्या मोजपट्टीवर त्या उतरत नाहीत, म्हणून यादीबाहेर राहतात.

ज्या यादीत येतात त्यांचे तरी काय राखले जाते? या यादीतल्या इमारतींसाठीचा १९९०चा कायदा म्हणतो की इमारतीला पक्की जोडलेली वस्तू इमारतीचाच भाग मानायची. म्हणून विटांची भट्टी आणि तिचे धुराडे वाचते. भिंतीत रोवलेल्या चौकटीवरचा भाता बहुधा वाचतो. पण दीड-दोन मण वजनाची, ओंडक्यावर नुसती ठेवलेली ऐरण सहसा जंगम मालमत्ता ठरते. तशाच सांडशी, घण, साचे, पाण्याची कुंडी. पिढ्यान्‌पिढ्या जागची न हललेली ऐरण मालक एका दुपारी विकू शकतो आणि कुणाची परवानगी लागत नाही. मला हे पटत नाही. भट्टी आणि ऐरण यांच्यातले अंतर हाच लोहारशाळेचा आराखडा असतो: तापलेले लोखंड हातात धरून एका पावलात वळता यावे, त्याचा ताप उतरायच्या आत पहिला घाव पडावा. यातली एक वस्तू राखून दुसरी जाऊ दिली, तर उरते ते फक्त विटांचे बांधकाम.

अंधाराचे तर नावही कुठे निघत नाही. लोहारशाळा अंधारी असायची ती गरिबीमुळे नव्हे. लोखंडाचा ताप डोळ्यांनी जोखायचा असतो: गडद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा, आणि जोड मारण्यासाठी लागणारा पांढरट. भर उन्हात हे रंग वेगळे कळत नाहीत. म्हणून खिडक्या लहान, प्रकाश एका बाजूने, भट्टी खोलीच्या आतल्या अंगाला. घर करताना सर्वांत आधी छपरात काचेच्या खिडक्या पडतात. त्या बसवायला परवानगी देणारा अधिकारी बाहेरून छप्पर कसे दिसेल ते तपासतो. आतला अंधार हे त्या खोलीचे सर्वांत महत्त्वाचे अवजार होते, हे त्याच्या तक्त्यात कुठेच नसते.

आणि जमीन. या मुद्द्यावर मी सर्वांत आग्रही आहे. तापलेल्या लोखंडावर घण पडला की वरचा ऑक्साइडचा थर सुटून त्याचे बारीक, माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे उडतात. दोन तुकडे पांढऱ्या तापावर ठोकून एकजीव करताना वितळलेला मळ थेंबांनी फवारतो आणि हवेतच गोठून त्याचे सूक्ष्म गोळे होतात. दोन्ही चुंबकाला चिकटतात. दोन्ही वर्षानुवर्षे जमिनीत तुडवले जाऊन मुरतात. पुरातत्त्वज्ञ जमिनीवर चौकोन आखतात, प्रत्येक चौकोनातली माती घेतात, चुंबक फिरवतात आणि मिळालेले लोखंड तोलतात. आकडे नकाशावर मांडले की ऐरण कुठे होती ते उमटते, कारण तिच्याभोवती पापुद्र्यांची दाटी असते. पापुद्रे आणि गोळे यांच्या प्रमाणावरून इथे नुसते घडवणे चाले की जोडकामही, याचा अंदाज येतो. भट्टीच्या तळाशी साचलेल्या लोहकिटाच्या वाट्या आणखी काही सांगतात. भिंतींचा मागमूस नसलेल्या मध्ययुगीन लोहारशाळा केवळ या पापुद्र्यांवरून सापडलेल्या आहेत. आणि उभ्या, जपलेल्या, पाटी लावलेल्या लोहारशाळेत मात्र जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकण्यासाठी ही माती खोदून कचऱ्याच्या पेटीत भरली जाते. पाच पिढ्यांच्या कामाची एकमेव पूर्ण नोंद एका सकाळी नाहीशी होते.

२०१२पासून लागू असलेले राष्ट्रीय नियोजन धोरण सांगते की वारसा नष्ट होणार असेल तर त्याची नोंद करून घेण्याची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावर टाकावी. नोंद होणार आहे म्हणून नाशाला मुभा देऊ नये, असेही त्यात आहे. तत्त्व उत्तम आहे. पण ते लागू करायचे तर स्थानिक अधिकाऱ्याला हे सुचले पाहिजे, आणि लोहारशाळेची मळकी जमीन पाहून ते सुचत नाही. म्हणून हे कुणाच्या सुचण्यावर सोडू नये. लोहारशाळेचा वापर बदलण्याची परवानगी देताना जमिनीची चाचणी ही ठरलेली अट असावी. ही काही महिनोन्‌महिने चालणारी खोदाई नाही. एका खोलीची जमीन चौकोन आखून तपासायला थोडी माणसे आणि थोडे दिवस पुरतात.

पुरावा नाहीसा झाला की त्या जागी काय येते, हे पाहायचे असेल तर स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनकडे पाहावे. १७५४मध्ये इंग्लंडात लागू झालेल्या हार्डविक कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांच्या विवाहाला पालकांची संमती गरजेची केली. स्कॉटलंडमध्ये मात्र दोन साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार केला की लग्न लागे. सीमा ओलांडल्यावर लागणारे पहिलेच गाव ग्रेटना, म्हणून पळून आलेली जोडपी तिथे थांबत. लग्न लावणाऱ्यांना ‘ऐरणीचे पुरोहित’ हे नाव पडले, पण त्यांतले बहुतेक मुळात लोहार नव्हतेच. १८८७पासून तिथली लोहारशाळा प्रवाशांना दाखवली जाते. साक्षीदारांसमोरच्या अशा लग्नांना १९४०मध्ये कायद्याने पूर्णविराम दिला, पण ऐरणीवरची लग्ने आजही लागतात. त्यात कुणाचे नुकसान नाही आणि तिथे लग्न करणाऱ्यांच्या आनंदावर मला बोट ठेवायचे नाही. पण त्या गावाच्या शेतीला नाल आणि फाळ पुरवणारे लोहार कोण होते, ते कसे जगले, हे या कथेच्या गर्दीत ऐकू येत नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लोहारशाळेत लोहारकामच बाजूला पडले आहे.

दुसरे उदाहरण जास्त नाजूक आहे. स्कॉटलंडच्या डमफ्रीजशायरमधल्या कीर येथील कोर्टहिल लोहारशाळेत कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराने १८३९च्या सुमारास पेडल मारून चालवायची पहिली सायकल केली, असे सांगितले जाते. त्याच्या नावाचा गौरव करणारी पाटीही तिथे आहे. हा दावा पुढे आला तो मात्र १८९०च्या दशकात, त्याच्याच एका नातेवाइकाकडून. १८४२च्या वृत्तपत्रातली एक बातमी आधार म्हणून दाखवली जाते. तिच्यात डमफ्रीजशायरहून आलेल्या एका ‘सद्‌गृहस्था’चा उल्लेख आहे, नाव नाही, आणि त्या काळचे वृत्तपत्र लोहाराला असे संबोधेल का, अशी शंका अभ्यासक घेतात. मॅकमिलन खरा ठरावा असे मला मनापासून वाटते. पण वाटण्याने इतिहास होत नाही. त्याच्या दुकानाची उधारीची वही, अर्धवट सोडलेले सुटे भाग, जमिनीतले अवशेष हाती असते तर वाद इतका लांबलाच नसता. लोहारांनी लिहून ठेवले नाही. त्यांनी वस्तू ठेवल्या, आणि वस्तू आपण विकल्या.

कागदपत्रे नाहीतच असेही नाही. दर दहा वर्षांची जनगणना, १८३६च्या कायद्यानंतर तयार झालेले, चर्चला द्यायच्या दशमांश-कराचे गावनकाशे, चर्चमधल्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांवर छापलेला ‘स्मिथी’ (लोहारशाळा) हा शब्द. एवढ्यावर जवळजवळ कोणत्याही गावातल्या लोहारशाळेत कोण राहत होते, घरात किती माणसे होती, शिकाऊ पोरगा कुठून आला होता, भट्टी साधारण कधी थांबली, हे लावता येते. १९२१ची जनगणना २०२२मध्ये खुली झाल्यामुळे उतरणीचा काळही आता दिसू लागला आहे. गावोगावचे हौशी अभ्यासक हे काम निष्ठेने करतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या कामाला परवानगीच्या प्रक्रियेत जागा मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

याविरुद्ध तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, खेड्यांत घरे कमी आहेत. रिकाम्या इमारतीत माणसे राहू द्या. यातली काळजी खरी आहे. पण लोहारशाळा म्हणजे एक खोली. अशा खोल्यांची संख्या मोजकी आहे आणि त्यांनी घरटंचाई मिटत नाही. शिवाय राहण्याची सोय मुळातच शेजारच्या कॉटेजमध्ये आहे. घर हे घर राहू द्या, भट्टी ही कामाची जागा राहू द्या, एवढेच मागणे आहे. घर आणि भट्टी वेगवेगळ्या खरेदीदारांना विकली की दोन्हींचा अर्थ जातो, म्हणून विभागणीलाच आधी अडवले पाहिजे.

दुसरे, आजच्या लोहाराला ही जागा नकोच असते. हे पुष्कळ अंशी बरोबर आहे. यांत्रिक घणाला भक्कम पाया लागतो, लांब सळयांना जागा लागते, मालाचा ट्रक दाराशी यावा लागतो. उत्तम लोहार औद्योगिक शेडमध्ये उत्तम काम करतात. प्रत्येक जुनी भट्टी पेटलीच पाहिजे, असे मी म्हणत नाही. पण हेरफर्डशायरमध्ये होम लेसी येथे लोहारकाम शिकवणारे राष्ट्रीय विद्यालय आहे, तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला पहिली जागा हवी असते: लहान, स्वस्त, धुराड्यासह. ती जागा खेड्यात बांधून तयार आहे. तिचा वापर बदलायची परवानगी देण्याआधी ती कामासाठी भाड्याने देण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला का, हे विचारायला काय हरकत आहे?

तिसरे, संग्रहालये आहेत ना? आहेत, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. स्टॉकहोमच्या स्कान्सेनने १८९१मध्ये उघड्यावरच्या संग्रहालयाची वाट घालून दिली. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्समध्ये आणि ससेक्समधल्या सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात मूळ गावातून उतरवून आणलेल्या लोहारशाळा उभ्या आहेत, तिथे प्रात्यक्षिकेही होतात. मुलांना पहिल्यांदा ठिणगी दिसते ती बहुधा अशाच ठिकाणी. तरी हा शेवटचा उपाय आहे. उचलून नेलेल्या लोहारशाळेबरोबर तिची जमीन येत नाही, रस्ता येत नाही, शेजारचे घर क्वचितच येते.

राहत्या गावात भट्टी पेटती ठेवता येते, याचा दाखला डेव्हनमधल्या ब्रॅन्सकोम येथे आहे. गवताने शाकारलेल्या छपराची ती लोहारशाळा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे आणि तिथे लोहार काम करतो, त्याने घडवलेल्या वस्तू विकतो. पर्यटक येतात ते चालू काम बघायला. गवती छपराखाली जाळ करण्याइतकी अवघड अट पाळून जर हे जमते, तर स्लेटच्या छपराखाली जमणार नाही असे कुणी सांगू नये. फरक मालकाचा आहे. तिथला मालक भाड्यापेक्षा वापराला महत्त्व देतो.

मालक असा नसेल तिथे गावाच्या हातातही साधन आहे. २०११च्या लोकॅलिझम कायद्यानुसार एखादी इमारत समाजोपयोगी ठेवा म्हणून नोंदवता येते. मग ती विकायला निघाली तर गावाला बोली लावण्यासाठी सहा महिने मिळतात. गावांनी हा हक्क बहुतांशी पब वाचवायला वापरला. भट्टीसाठी तो वापरायला कायद्याने मनाई केलेली नाही. बंद पडल्यावर मात्र उशीर होतो, कारण वापर चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असतानाच अशी नोंद सहज होते. म्हातारा लोहार निवृत्त होण्याची भाषा करू लागेल त्या वर्षीच ग्रामसभेने अर्ज टाकायला हवा. ऐरण, भाता, अवजारे यांची यादी त्याच्या हयातीत, त्याच्या तोंडून, छायाचित्रांसह करून ठेवायला हवी. कोणती सांडशी कशासाठी, हे दुसरा कुणी सांगू शकत नाही.

ब्रिटनने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा युनेस्को करार २०२४मध्ये लागू करून घेतला. बाकीच्या जगापेक्षा बराच उशिरा. हातची कौशल्ये हाही राष्ट्राचा वारसा आहे, हे त्यामुळे निदान कागदावर मान्य झाले. पण इमारतींची यादी करणारे एका खोलीत बसतात आणि कौशल्यांची यादी करणारे दुसऱ्या खोलीत, तोवर लोहारशाळेसारख्या जागेला न्याय मिळणार नाही. तिच्या बाबतीत कौशल्य आणि इमारत वेगळी करताच येत नाहीत. नोंदणीच्या मजकुरातच लिहिले पाहिजे की इथे काय काम होत असे, कोणत्या वस्तू त्या कामाचा भाग आहेत आणि जमिनीखाली काय असण्याची शक्यता आहे.

शेवटचा प्रश्न शेजाऱ्यांचा, आणि तो किरकोळ वाटला तरी बऱ्याच भट्ट्यांचा जीव त्याच्याशी बांधलेला आहे. शांततेसाठी खेड्यात घर घेतलेल्या माणसाला सकाळी आठला घणाचा आवाज नको असतो. तक्रारी होतात, वेळेची बंधने येतात, लोहार कंटाळतो आणि शेड शोधतो. २०१८पासून नियोजन धोरणात यावर एक न्याय्य नियम आहे: आधीपासून चालू असलेल्या धंद्यावर नंतर आलेल्या वस्तीमुळे अवाजवी बंधने येऊ नयेत, आवाजाचा बंदोबस्त नंतर येणाऱ्याने करावा. हा नियम संगीताच्या ठिकाणांसाठी गाजला. तो लोहारशाळेच्या शेजारी घर बांधू पाहणाऱ्यालाही तितकाच लागू आहे, आणि स्थानिक परिषदांनी तो परवानगीच्या कागदावर स्पष्ट शब्दांत घालावा: जाड काच, भिंतीतले आवाजरोधक, भट्टीकडे तोंड करून निजायची खोली नको. याचा खर्च नव्या घराच्या किमतीत कुठेच जाणवणार नाही. काही वर्षे बंद राहून पुन्हा पेटवल्या जाणाऱ्या भट्टीलाही हेच संरक्षण मिळाले पाहिजे, कारण आज नियमाची भाषा चालू धंद्यापुरती आहे, आणि जिथे नवा लोहार यायला तयार आहे तिथे सर्वांत आधी हीच अडचण पुढे येईल.